समुद्रातलं तेल किनाऱ्याला लागण्याआधीच जाळता येईल का?

खाडीकाठची (४ फेब्रुवारी, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातल्या एका खाडीच्या काठाला राहते. आमच्या बचत गटाच्या अकरा जणी मिळून कालवं आणि खेकडे वाढवतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीला भरतीबरोबर काळं, चिकट तेल खाडीत शिरलं. कालवांचे दोर बाहेर काढले तर हाताला डांबर. तो सगळा माल टाकून द्यावा लागला. तेल कुठल्या जहाजाचं, कोणी सोडलं, शेवटपर्यंत कळलं नाही.

परवा भाचा सांगत होता की परदेशात भर समुद्रात तेल सांडलं तर मुद्दाम आग लावून तिथल्या तिथे जाळून टाकतात. मला आधी पटेना. मग वाटलं, इथे जहाजांवर काम केलेले, रसायनं शिकलेले, होड्या चालवणारे सगळेच आहेत, तर विचारावं.

हे खरंच होतं का? होत असेल तर आपल्या कोकणच्या समुद्रात ते चालेल का, आणि आत्ता जाळतात त्यापेक्षा चांगलं कसं जाळता येईल? धुराचीही भीती वाटते. कृपया समजेल असं सांगा.

पाणकोंबडी (रात्री ९:५२)

पाण्यावर आग टिकेल कशी? आम्ही तर आगीवर पाणी मारतो.

इंजिनरूम (रात्री ११:१५)

ताई, खरंच होतं. बावीस वर्षं जहाजांवर इंजिनिअर होतो, या विषयाचं प्रशिक्षणही घेतलं आहे. सविस्तर लिहितो.

पाणकोंबडी, द्रवरूप तेल जळत नाही, त्याची वाफ जळते. ज्योतीची थोडी उष्णता खाली तेलाकडे परतते, त्यातून आणखी वाफ निघते, ती पेटते, असं चक्र चालू राहतं. पण तेलाच्या खाली समुद्र आहे आणि तो सतत उष्णता खेचत असतो. थर जाड असेल तर तेलच मध्ये पांघरुणासारखं काम करतं. ताजं कच्चं तेल पेटायला साधारण २ ते ३ मिलिमीटर जाडीचा थर लागतो. जळत जळत तो १ मिलिमीटरवर आला की पाणी जिंकतं आणि आग आपोआप विझते.

अडचण अशी की सांडलेलं तेल काही तासांत पसरून त्याहून कितीतरी पातळ होतं. म्हणून आधी ते गोळा करावं लागतं. दोन बोटी मिळून आगीत टिकणारा तरंगता अडसर ओढतात, त्याला फायर बूम म्हणतात. साधारण १५० मीटर लांब, इंग्रजी यू अक्षरासारखा. त्याच्या पोटात तेल साचतं. मग घट्ट केलेल्या डिझेलचा डबा, त्याला पेटती मशाल बांधून, आत सोडतात.

मोठी आग एकदा धरली की मिनिटाला ३ मिलिमीटरच्या आसपास थर जळतो. बूमच्या पोटात ५०० चौरस मीटर तेल असेल तर मिनिटाला दीड घनमीटर, म्हणजे १५०० लिटर. एवढ्या वेगाने तेल उपसणारा पंप आणि ते साठवायला टाकी तुम्ही भर समुद्रात कुठून आणणार?

२०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेल-फलाटाची विहीर फुटली तेव्हा अशा ४११ आगी लावल्या. काही थोड्याच वेळात विझल्या, एक जवळजवळ १२ तास चालली. सांडलेल्या तेलापैकी सुमारे ५ टक्के तेल असं जळालं. समुद्रावरून खरवडून उचललेलं तेल ३ टक्केच होतं.

आगरातला (५ फेब्रुवारी, सकाळी ७:०५)

म्हणजे ही दाढ (भाताच्या रोपांची जागा) भाजण्यातलीच गोष्ट. आमच्याकडे शेण, कवळ, पातेरा, गवत असे थर नीट जाड रचले नाहीत तर दाढ मध्येच विझते आणि जमीन कच्ची राहते. आणि आग लावायची ती वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे सावकाश, खोलवर भाजत जाते. आजोबा सांगायचे, पेटवायला अक्कल लागत नाही, रचायला लागते.

इंजिनरूम

आगरातले, अगदी बरोबर. पेटवण्यापेक्षा गोळा करणं कठीण. सुधारणा व्हायला हवी ती मुख्यतः तिथेच.

रापणकर (सकाळी ८:३०)

ताई, ह्यां वाचून माका आमची रापणच दिसली. होडी जाळां घेऊन वळसो मारता आणि दोन्ही टोकां किनाऱ्यार येतत. हय दोन्ही टोकां होड्यांक बांधलेली, इतकोच फरक.

आता जरा सगळ्यांना समजेल असं लिहितो. इंजिनरूम साहेब, बोटी किती वेगाने चालवतात? जाळं जोरात ओढलं तर मासळी खालून पळते. तेल पळणार नाही कशावरून?

इंजिनरूम

पळतंच. पाऊण नॉटच्या वर वेग गेला की तेल बूमच्या खालून निसटायला लागतं. ताशी सव्वा-दीड किलोमीटर, माणसाच्या चालीपेक्षाही खूप हळू. मेक्सिकोच्या आखातात बूम ओढायला तिथल्या कोळंबी पकडणाऱ्या बोटी घेतल्या होत्या, कारण जाळं हळू ओढायची सवय त्यांना होती.

शिरगावकर (दुपारी १:१०)

मला हा सगळा उत्साह धोक्याचा वाटतो.

आपल्या किनाऱ्यावरच्या घटना बघा. एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर मुंबई बंदराच्या तोंडाशी ७ ऑगस्ट २०१० ला झाली. रॅक कॅरिअर बुडालं ४ ऑगस्ट २०११ ला. केरळसमोर एमएससी एल्सा ३ बुडालं २५ मे २०२५ ला, आणि पाऊस त्या वर्षी आधीच दाखल झाला होता. म्हणजे आपल्याकडे जहाजं बुडतात ती बहुतेक पावसाळ्यात. आणि जाळायला लाट मीटरभराच्या आत लागते, वारा २० नॉटच्या आत लागतो. जून ते ऑगस्ट समुद्र कधी असा असतो का? तेव्हा आपल्या होड्यासुद्धा किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात.

चित्राचं तर आणखी वेगळं. कंटेनर समुद्रात पडले होते, त्यांतल्या काहींत ॲल्युमिनियम फॉस्फाइड हे कीटकनाशक होतं. ते पाण्याला लागलं की विषारी वायू सुटतो. समोर एवढं मोठं शहर. तिथे कोण काडी लावणार?

शिवाय जहाजाच्या इंजिनाचं फर्नेस ऑइल जड असतं, ते कच्च्या तेलासारखं सहज पेटत नाही. ही पद्धत आपल्यासाठी नाहीच.

मुरूडची लेक (दुपारी २:४५)

शिरगावकर, पावसाळ्याचं मान्य. पण १९९३ मध्ये बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राची पाइपलाइन फुटली ती मे महिन्याच्या मध्यावर. पावसाआधी. ते कच्चं तेल होतं आणि मुरूडच्या बाजूला वाहत आलं. बॉम्बे हाय किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून लांब. म्हणजे तेल आपल्यापर्यंत पोहोचायला वेळ होता, समुद्र पावसाळ्यासारखा नव्हता आणि आसपास वस्तीही नव्हती. अशा प्रसंगासाठी तरी तयारी असायला काय हरकत आहे?

इंजिनरूम (दुपारी ४:००)

तुम्ही दोघंही बरोबर आहात आणि मला यातूनच उत्तर दिसतं. ऑक्टोबर ते मे, किनाऱ्यापासून दूर, कच्चं तेल: इथे जाळणं शक्य. पावसाळ्यात, बंदराच्या तोंडाशी, फर्नेस ऑइल: नाही.

आणि वेळ दिवसांत मोजू नका, तासांत मोजा. लाटांनी तेल घुसळलं की त्यात पाणी शिरतं, ताक घुसळून लोणी यावं तसा तपकिरी, घट्ट गोळा होतो. पाव हिस्सा पाणी शिरलं तरी पेटवणं जड जातं. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटलं तेव्हा दुसऱ्या दिवशी एका बूममध्ये तेल गोळा करून जाळलं, छान जळालं. मग वादळ आलं, सगळ्या तेलात पाणी घुसळलं गेलं आणि पुन्हा संधी मिळाली नाही. एकच संध्याकाळ हातात होती.

म्हणून मी म्हणतो, बूम मुंबईच्या गोदामात असून कोकणाला उपयोग नाही. रत्नागिरीत हवा, मालवणात हवा. आणि जाळायचं की नाही हा निर्णय कुठल्या हद्दीत, कुठल्या महिन्यात, कुठल्या वाऱ्यावर, हे तेल सांडण्याच्या आधीच कागदावर ठरलेलं हवं. आपल्याकडे १९९६ पासून राष्ट्रीय आराखडा आहे, समुद्रातल्या तेलाची जबाबदारी तटरक्षक दलाची आहे, समुद्र प्रहरीसारखं खास जहाज आहे. पण शेवटचे दहा मैल स्थानिक माणसाला माहीत असतात.

आंबोळी_घावन (दुपारी ४:२०)

विषय थोडा सोडून विचारते. पुळणीवर चालताना पायाला डांबराचे गोळे चिकटतात ते काढायला काय वापरता? आम्ही रॉकेल वापरायचो, आता मिळत नाही.

मुरूडची लेक

खोबरेल तेल. चोळून पाच मिनिटं ठेवायचं, मग जुन्या फडक्याने पुसायचं. लहान मुलांना रॉकेल नकोच, कातडी जळते.

आगरातला

आमची आई तेलकट पायावर तांदळाचं पीठ चोळते. डांबर पिठाबरोबर निघून येतं. आणि मुलं म्हणतात, आजी, आता पाय तळायचे का?

रसायनशाळा (रात्री १०:०५)

खोबरेल तेलाचा उपाय शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, तेल तेलात विरघळतं.

मूळ प्रश्नातला "आणखी चांगलं कसं" हा भाग अजून राहिला आहे, त्यावर लिहिते. दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, बूमशिवाय तेल गोळा करणं. ताटलीत पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरा आणि मधोमध साबणाचा थेंब लावा. मिरपूड झटकन कडेला पळते. आता उलट कल्पना करा. तेलाच्या तवंगाच्या बाहेरून, चहूबाजूंनी पाण्यावर असं रसायन फवारलं, तर तवंग आत ढकलला जातो, आकसतो आणि जाड होतो. इंग्रजीत यांना हर्डर म्हणतात, म्हणजे गुरं वळून आणणारा गुराखी. अगदी थोडं रसायन लागतं. २०१५ मध्ये अलास्कात हेलिकॉप्टरमधून हे फवारून, मग हेलिकॉप्टरमधूनच पेटवून दाखवलं. बोट पोहोचायच्या आधी काम सुरू होऊ शकतं. मात्र समुद्र शांत हवा. आणि तेल फोडून पाण्यात मिसळवणारी जी रसायनं फवारतात, ती ही नव्हेत. त्यांचं काम बरोबर उलटं.

दुसरी गोष्ट आगीची. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं तेल. कच्चं तेल उघड्यावर जाळलं की जळलेल्या तेलाच्या दहा टक्क्यांच्या आसपास काजळी होऊन वर जाते. अमेरिकेत वूस्टर पॉलिटेक्निक संस्थेने यावर तांब्याचा उपाय काढला. तांब्याच्या तारेची लोकर जाळ्यांत धरून चादर करायची, तिच्यातून तांब्याची वेटोळी वर ज्योतीत उभी राहतील अशी बसवायची आणि ही चादर तेलात तरंगती ठेवायची. गरम आमटीत विसरलेल्या पळीचा दांडा कसा भाजतो? तीच युक्ती. वेटोळी ज्योतीत तापतात, उष्णता खाली चादरीत आणतात, तेल उकळतं आणि वाफ जोरात निघते. २०१७ मध्ये अलाबामातल्या मोबील इथे तटरक्षक दलाच्या तळ्यात मोठी चाचणी झाली. आग कितीतरी वेगाने जळली, धूर कमी काळा झाला, उरलेला चिकटाही कमी झाला.

आगीचा भोवरा करून जाळायचाही अभ्यास चालू आहे. भोवरा स्वतःच हवा आत ओढतो. २०१६ मध्ये मेरीलँड विद्यापीठात पाण्यावर तेल जाळताना असा भोवरा पिवळ्याचा निळा झाला. निळी ज्योत म्हणजे काजळी जवळजवळ नाही. गॅसच्या शेगडीवर बघतो तशीच. पण तो प्रयोगशाळेतला, बोटभर. समुद्रावर अजून लांबची वाट आहे.

शिरगावकर (६ फेब्रुवारी, सकाळी ९:००)

तांबं? होड्यांच्या बुडाला तांब्याचा रंग लावतात तो शिंपले मरावेत म्हणूनच ना? तीच चादर कालवांच्या खाडीशेजारी तरंगत ठेवायची?

रसायनशाळा

रास्त शंका. रंगातलं तांबं हळूहळू विरघळावं म्हणूनच तसं बनवलेलं असतं आणि होडी महिनोन् महिने पाण्यात असते. चादर काही तास. तरीही खाडीच्या तोंडाशी मी ती वापरणार नाही. हे सगळं खोल समुद्रातलं काम.

खाडीकाठची (सकाळी ११:३०)

सगळं वाचते आहे, दोनदा दोनदा. रसायनशाळाताई, तुम्ही "उरलेला चिकटा" म्हणालात. तो किती राहतो आणि जातो कुठे?

रसायनशाळा (दुपारी १२:१५)

हा प्रश्न तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून स्पष्ट सांगते. जाड थर चांगला जळाला तर ९० टक्क्यांहून जास्त तेल जातं. उरतो तो डांबरासारखा घट्ट लगदा. कधी तो तरंगतो, कधी थंड झाल्यावर बुडतो. १९८३ मध्ये दक्षिण कोरियात होनाम जेड या जहाजाचं तेल जाळलं, त्याचा लगदा बुडाला आणि तिथल्या खेकड्यांच्या पिंजऱ्यांचं नुकसान झालं. १९९१ मध्ये इटलीत जेनोआसमोर हेवन हे टँकर जळालं, त्याचाही लगदा तळाशी गेला.

म्हणून आग विझली की लगदा गरम, तरंगता असतानाच जाळीने काढून घ्यायला हवा. त्यासाठी वेगळी होडी, बारीक आसाची जाळी, पिंपं आधीपासून तयार लागतात.

खाडीकाठची

खेकड्यांचे पिंजरे वाचून पोटात गोळा आला. म्हणजे जाळणाऱ्याला वाटणार काम झालं आणि खाली आमचं संपणार.

रापणकर

ते आमच्यावर सोडा. पाण्यावरची वस्तू जाळीने गोळा करणं आम्हाला कुणी शिकवायला नको. तिसरी होडी त्याच कामाला ठेवायची.

कासवमित्र_वेळास (दुपारी ३:५०)

माझी एक विनंती. ऑलिव्ह रिडले माद्या आपल्याकडे अंडी घालायला येतात तो हंगाम थंडीपासून मार्च-एप्रिलपर्यंतचा, म्हणजे नेमके तुमचे जाळायला चांगले महिने. मेक्सिकोच्या आखातात तरंगत्या शेवाळाच्या पट्ट्यांत तेलही साचलं होतं आणि कासवाची पिल्लंही. पिल्लं आगीत सापडत असल्याच्या तक्रारीवरून प्रकरण कोर्टात गेलं, मग आगीआधी कासवं शोधायला माणसं नेमायचं कबूल झालं. आपल्याकडे ही अट पहिल्यापासून असावी. पेटवण्याआधी बूमच्या आत होडी फिरवून बघायचं. आम्ही स्वयंसेवक यायला तयार आहोत.

पाणकोंबडी

आणि धूर? आमचं गाव टेकडीवर आहे.

इंजिनरूम (संध्याकाळी ६:३०)

धूर वाऱ्याबरोबर जातो आणि आपला वारा वेळापत्रक पाळतो. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, दुपारी खारा वारा सुटला की उलटा. म्हणून आग पहाटे धरायची आणि वारा फिरायच्या आत संपवायची. हे किनाऱ्याजवळचं. खूप बाहेर मतलई पोहोचत नाही, पण तिथून धूर गावापर्यंत येईतो विरळ होतो. तरीही अमेरिकेत अशा वेळी वस्तीजवळ हवेतली काजळी मोजणारी यंत्रं ठेवतात; आपण तर गावात यंत्र ठेवून मगच परवानगी, असं मागावं. दम्याच्या रुग्णाला "धूर वर जाईल हो" सांगून भागत नाही.

शिरगावकर (रात्री ८:४०)

पहाटेची वेळ, तिसरी होडी, कासवांची पाहणी, काजळीचं यंत्र. या अटींवर माझा विरोध कमी झाला, मोकळेपणाने सांगतो. पण आपल्या होड्या पाऊण नॉटने बूम ओढू शकतील हे मला कोणीतरी दाखवावं. कागदावर सगळं तरंगतं.

रापणकर

दाखवतो. जुन्या जाळ्याचा दोर आणि बोये पडलेत घरात. तेल नको, आग नको. पाण्यावर काय टाकू ते सांगा.

आगरातला

भाताचं तूस टाका. तरंगतं, दिसतं आणि कुणाला अपाय नाही.

इंजिनरूम

उत्तम. वाऱ्याबरोबर तवंगासारखंच सरकेल. मत्स्य खात्याला आणि तटरक्षक दलाच्या जवळच्या ठाण्याला आधी कळवा, नाहीतर पहाटे दोन होड्या काय टाकतायत म्हणून धावपळ व्हायची.

रापणकर (१६ फेब्रुवारी, रात्री ९:००)

केलं. काल पहाटे साडेपाच ते साडेआठ, खाडीच्या तोंडाबाहेर. दोन होड्या, ऐंशी वाव दोर, बोये, खाली हातभर ताडपत्री शिवलेली, तळाला शिसं. ताई स्वतः तिसऱ्या होडीत होत्या. झालं ते जसंच्या तसं सांगतो.

पहिली फेरी फुकट. गिअर टाकून इंजिन अगदी मंद ठेवलं तरी जीपीएसवर दोन नॉट. ताडपत्री आडवी झाली, सगळं तूस खालून मागे. दुसऱ्या फेरीत गिअर टाक-काढ केलं. वेग उतरला, पण एक होडी पुढे, एक मागे, वळसा वाकडा. फोनवर बोलायचं तर इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. मग लाल-हिरवं फडकं काठीला बांधलं. लाल म्हणजे गिअर काढ.

तिसऱ्या फेरीला मुलग्याने डोकं चालवलं. ओहोटीचं पाणी बाहेर वाहत होतंच. होड्यांनी पाण्याकडे तोंड करून नुसतं जागेवर उभं राहायचं, तूस आपल्या पायाने बूममध्ये येतं. ओहोटी संपत आली तेव्हा पाण्याचा वेग बरोबर मिळाला, अर्धा ते पाऊण नॉट. वीस मिनिटांत पोटात दोन बोटं जाड थर साचला. त्याच्या आधी ओहोटी जोरात होती तेव्हा मात्र निसटत होतं.

शिरगावकर

दोन बोटं? म्हणजे पेटायला लागतं त्याच्या कितीतरी पट. मला फोटो दिसले, पटलं. पण भर समुद्रात ओहोटी अशी मदतीला येणार नाही.

इंजिनरूम

तिथे होडीच्या मागे पाण्यात दोन बादल्या दोराने सोडा, तोंड पुढे करून. ओढ वाढेल, वेग उतरेल. मोठ्या बोटी यासाठी पाण्यातली छत्री सोडतात. पुढच्या वेळी दोन्ही होड्यांना सारख्याच मापाच्या बादल्या लावून बघा, आणि किती तूस आत राहिलं, किती निसटलं, ते मोजा. हे आकडे घेऊनच अर्ज करू, की प्रशिक्षण आणि एक बूम आपल्या बंदरात द्या.

कासवमित्र_वेळास

पुढच्या वेळी आमचे दोघे येतील. पाहणीला किती वेळ लागतो ते आम्हालाही बघायचं आहे.

खाडीकाठची (रात्री १०:२०)

तिसऱ्या होडीतून आम्ही तिघींनी बारीक जाळीने तूस उचललं. पोटातलं जवळपास सगळं निघालं, पण ताडपत्रीच्या घडीत अडकलेलं हाताने खरवडावं लागलं. लगदा असता तर तिथेच चिकटून राहिला असता. ताडपत्रीऐवजी गुळगुळीत काहीतरी हवं. आणि जाळीला लांब दांडा हवा, माझे हात पाण्याला पुरत नव्हते.

येत्या अष्टमीला भांग आहे, पाण्याला ओढ कमी असेल. तेव्हा बाहेर, बादल्या लावून करू. तूस मी गिरणीतून आणून ठेवते. दोन पोती पुरतील का?

रापणकर

तीन आणा. आणि बादल्या लोखंडाच्या, प्लास्टिकच्या नकोत, मोडतील.